फ्रेडरिक डग्लस : मजुरी कोणाच्या खिशात?



जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. नसेल तर मिळवा आणि त्याची सुरुवातीची पाने उघडून पाहा. १८७३ साली निघालेले हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना अर्पण केले आहे, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाला सातासमुद्रापलीकडच्या लढ्यात आपलाच लढा दिसला, ही गोष्ट लहान नाही. परंतु ते गुलाम स्वतः काय करीत होते? कोणी येऊन बेडी तोडील म्हणून हात जोडून बसले होते काय? मुळीच नाही. त्यांच्यातल्याच एका माणसाने आपली बेडी आपण तोडली आणि पुढे अर्धे शतक दुसऱ्यांच्या बेड्यांवर घाव घातले. फ्रेडरिक डग्लस हे त्यांचे नाव. जोतीरावांचे पुस्तक निघाले तेव्हा डग्लस ५५ वर्षांचे होते. त्यांचे चरित्र आज तुम्हाला सांगायचे आहे. घरातल्या मुलामुलींनाही ते वाचून दाखवा.

फ्रेडरिकचा जन्म १८१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मेरीलँड राज्यात टॅल्बट परगण्यात झाला. नेमकी तारीख कोणालाच ठाऊक नाही. महिना आणि साल सापडले तेही पुष्कळ काळानंतर, मालकाच्या हिशेबवहीत. कारण गुलामाला मूल झाले म्हणजे मालकाची मालमत्ता वाढली. आपल्यातल्या किती वडीलधाऱ्यांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जून असा मास्तरांनी लिहून टाकला आहे, ते आठवा. डग्लसांनी मोठेपणी १४ फेब्रुवारी हा दिवस आपला आपणच ठरवून घेतला.

त्याची आई हॅरिएट बेली बारा मैलांवरच्या शेतावर राबत असे. दिवसभराचे काम उरकून ती रात्री पायी चालत येई, लेकराला कुशीत घेई, आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसले तर पाठीवर चाबूक ठरलेला. अशा चार-पाच भेटी झाल्या असतील. तो सातेक वर्षांचा असताना ती वारली. बाप गोरा होता, आणि तो मालकच असावा अशी कुजबूज होती. तिथला कायदा मोठा हिशेबी. मुलाची स्थिती आईप्रमाणे, म्हणजे आई गुलाम तर मूल गुलाम. मालकाने दासीवर बळजबरी करावी आणि जन्मलेले मूल आपल्याच मालमत्तेत जमा करून घ्यावे. पाप आणि नफा एकाच वहीत!

आजी बेट्सीने त्याला सहा वर्षे सांभाळले आणि मग मालकाच्या हुकुमाने मोठ्या वाड्यावर नेऊन सोडले. तिथे मुलांना वर्षाला जाड्याभरड्या कापडाचे दोन सदरे मिळत. ते फाटले की पुढच्या वर्षापर्यंत उघडे. जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घाटा. तो डुकरांच्या डोणीसारख्या लाकडी डोणीत ओतून जमिनीवर ठेवीत, आणि मुले शिंपल्यांनी, हातांनी जे मिळेल ते ओरपून खात. जो चपळ त्याचे पोट भरे. ज्या मळ्यावर हे चाले त्याचे मालक कर्नल लॉइड हे मेरीलँडमधील बड्या धनिकांपैकी एक होते. त्यांच्या टेबलावर कशाचीही कमतरता नव्हती. ते टेबल भरणारे हात कोणाचे, ते सांगायला नको.

या मळ्यावरचे गुलाम महिन्याचे धान्य आणायला मोठ्या वाड्याकडे निघाले की वाटेत गात. रान दुमदुमून जाई. पाहुणे गोरे ऐकत आणि म्हणत, पाहा, किती सुखी आहेत! डग्लसांनी पुढे लिहिले की या समजुतीएवढी उलटी समजूत दुसरी नाही. ती गाणी रडण्याच्या जागी होती. सुख अनावर होऊन ती कोणी गात नव्हते. वाचकहो, तमाशाच्या फडावर ढोलकी वाजवणारा आणि लग्नात सनई फुंकणारा आपलाच माणूस. त्याची कला सर्वांना हवी, पण त्याचे पाणी कोणाला चालत नव्हते. तेव्हा डग्लसांना काय म्हणायचे होते, हे तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आठ वर्षांचा असताना, १८२६ साली, त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड याच्या घरी मूल सांभाळण्यासाठी पाठवले. मालकीण सोफिया ऑल्डने भाबडेपणाने त्याला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याने ते पाहिले आणि ताबडतोब बंद करायला लावले. गुलामाला वाचता आले तर तो गुलाम म्हणून निकामी होईल, असे त्याने बायकोला बजावले. मुलगा ऐकत होता. मालक ज्या गोष्टीला इतका भितो तीच आपली वाट, हे त्याने त्या क्षणी ओळखले. मग तो खिशात पाव घेऊन बाहेर पडू लागला. गल्लीत गरीब गोऱ्यांची मुले उपाशी फिरत; त्यांना पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरे घ्यायची. जहाजांच्या कारखान्यात सुतार लाकडावर खुणेची अक्षरे लिहीत, ती पाहून तो लिहायला शिकला. बारा वर्षांचा असताना पन्नास सेंट जमवून त्याने भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. त्यात गुलाम आणि मालक यांचा एक संवाद होता. गुलामाच्या युक्तिवादाने मालक निरुत्तर होतो आणि त्याला मोकळे करतो. ते पान त्याने किती वेळा वाचले असेल!

मधल्या काळात मूळ मालक मेला आणि वाटण्या झाल्या. फ्रेडरिकला बाल्टिमोरहून परत बोलावले. पुरुष, बायका, मुले, घोडे, गाई, डुकरे यांना एकाच रांगेत उभे करून किंमत ठरवली. त्याच्या आजीने त्या घराण्याच्या तीन पिढ्यांची सेवा केली होती. पुढे ती म्हातारी झाली तेव्हा तिला रानातल्या एका झोपडीत एकटीच टाकून दिले.

आता तुम्ही ज्या प्रश्नाशी रोज झगडता, त्या धर्माच्या प्रश्नाकडे येऊ. १८३३ साली फ्रेडरिकला थॉमस ऑल्ड या दुसऱ्या मालकाकडे जावे लागले. या थॉमसने नुकतीच एका धार्मिक मेळाव्यात दीक्षा घेतली होती. गुलामांना आशा वाटली की आता तरी हा गुलामांना मोकळे करील, निदान पोटभर खाऊ घालील. झाले उलटेच. पूर्वी त्याच्या निर्दयतेला आधार नव्हता, आता बायबलातले वचन आधाराला आले. एका अपंग मुलीला तो बांधून मारी आणि मारताना धर्मवचन म्हणे. फ्रेडरिकने रविवारी काही काळ्या मुलांना वाचायला शिकवायचे ठरवले, तर त्याच पंथाचे गोरे काठ्या घेऊन आले आणि वर्ग उधळला. धर्म बदलला म्हणजे माणूस बदलतोच असे नाही, हे डग्लसांनी पंधराव्या वर्षी पाहिले. ज्या धर्माने शेजाऱ्याची भाकर आणि मजुरी त्याची त्याला मिळत नाही, तो धर्म त्यांनी आयुष्यभर नाकारला. येशूच्या शिकवणीवर त्यांचा राग नव्हता. गुलामांच्या धन्यांचा धर्म आणि ती शिकवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते म्हणत.

हा मुलगा बिघडला आहे असे वाटून थॉमसने त्याला १८३४ साली एक वर्षासाठी एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे धाडले. कोव्हीचा धंदा गुलामांची खोड मोडण्याचा. लोक आपले अवखळ गुलाम त्याला वर्षभर जवळजवळ फुकट वापरायला देत. तो त्यांना मोडून परत करी. पहिले सहा महिने जवळजवळ दर आठवड्याला पाठ फुटली. वाचनाची ओढ गेली, मन बधिर झाले. मग ऑगस्टमधल्या एका सकाळी कोव्ही दोरी घेऊन धावून आला तेव्हा सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने त्याचा गळा धरला. झुंज दोन तास चालली. मदतीला बोलावलेला दुसरा गुलाम पुढे यायलाच तयार झाला नाही. अखेर कोव्ही दमून बाजूला झाला. त्यानंतर त्याने फ्रेडरिकवर हात टाकला नाही, आणि शिपायांकडेही गेला नाही. का? खोड मोडणारा म्हणून जे नाव त्याने कमावले होते ते सोळा वर्षांच्या पोराने मोडले, असे गावभर झाले असते तर त्याला फुकटचे मजूर कोणी दिले असते? अत्याचारालाही आपला धंदा सांभाळावा लागतो.

त्याच काळातील सणांविषयी डग्लसांनी जे लिहून ठेवले आहे ते आपल्या घरांत मोठ्याने वाचावे असे आहे. नाताळापासून नव्या वर्षापर्यंत गुलामांना सुटी असे. त्या दिवसांत कोणी झाडू, टोपल्या विणून चार पैसे जोडू लागला तर मालकाला ते आवडत नसे. त्याला हवे असे ते नाचणे, कुस्त्या आणि मुख्य म्हणजे दारू. कोणाचा गुलाम जास्त पितो यावर धनी पैजा लावीत. आठवडा संपला की माणसे चिखलातून उठल्यासारखी उठत आणि पुन्हा कामावर जाताना त्यांना एक प्रकारे सुटल्यासारखे वाटे. डग्लसांच्या मते ही धन्याची दया नव्हती, हे कारस्थान होते. स्वातंत्र्य म्हणजे असला धिंगाणा, हे गुलामाच्या मनावर ठसवायचे, म्हणजे खऱ्या स्वातंत्र्याची इच्छाच त्याला होणार नाही. सुटी नसती तर बंड झाले असते, असेही ते म्हणतात. घरातला जुना सण सोडावा की ठेवावा यावर आपल्याकडे आजही सासू-सुनांत, बापलेकांत वाद होतात. तो सण कोणी दिला, कशासाठी दिला आणि तो साजरा करून आपल्या हातात काय उरते, असे विचारण्याची रीत या माणसाने घालून दिली आहे.

पुढच्या वर्षी त्याने चाळीसहून अधिक गुलामांना दर रविवारी चोरून वाचायला शिकवले. १८३६ साली पळून जाण्याचा बेत फुटला आणि तुरुंगात बसावे लागले. तिथून त्याला पुन्हा बाल्टिमोरला धाडले आणि जहाजाच्या फळ्यांमधील फटींत ताग ठोसून डांबर भरण्याचे काम शिकवले. तिथल्या गोऱ्या कामगारांनी काळ्यांबरोबर काम करायला नकार दिला आणि चौघांनी मिळून त्याला डोळा फुटायची वेळ येईपर्यंत मारले. पाहणारे पुष्कळ होते, पण गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष न्यायालयात चालत नसे. गरीब गोऱ्याला गरीब काळ्याविरुद्ध उभे करून दोघांचीही मजुरी खाली ठेवण्याची ही युक्ती धन्याची आहे, असे डग्लसांनी पुढे सांगितले. डोके फुटले कोणाचे आणि फायदा झाला कोणाचा, ते पाहा.

आता या लेखाचा गाभा. फ्रेडरिक हुशार कारागीर झाला. दिवसाला दीड डॉलरपर्यंत कमवू लागला. काम तो शोधी, करार तो करी, घाम त्याचा. शनिवारी रात्री आठवड्याचे सहा, कधी सात, कधी नऊ डॉलर तो ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवी. ऑल्ड पैसे मोजी आणि विचारी, एवढेच काय? सगळे दिलेस ना? आणि कधी पुरे सहा डॉलर आणले तर खूश होऊन त्याला त्यातले सहा सेंट बक्षीस देई. शंभर सेंटचा एक डॉलर, म्हणजे सहाशे सेंटातले सहा. धन्याला वाटे, पोरगा खूश होईल. पण फ्रेडरिकच्या मनात उलटाच हिशेब सुरू झाला. थोडेसे परत देतो त्याअर्थी सगळेच माझे आहे हे याला ठाऊक आहे! ते सहा सेंट हा चोराचा कबुलीजबाब होता. गावकीचे काम वर्षभर करून दारोदार मागितलेल्या भाकरीला आपल्या वाडवडिलांना हक्क म्हणायला शिकवले होते. त्या भाकरीचा हिशेब ज्याला कळला त्याला सहा सेंटांचाही कळेल.

३ सप्टेंबर १८३८ रोजी तो पळाला. बाल्टिमोरमधील अ‍ॅना मरे ही स्वतंत्र काळी स्त्री लोकांच्या घरी कामे करून पोट भरीत असे. तिने आपल्या साठवलेल्या पैशांतून त्याला मदत केली. लाल सदरा आणि खलाशाची टोपी घालून, दुसऱ्या एका खलाशाचा परवाना खिशात घेऊन तो आगगाडीत चढला. परवान्यावरचे वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. तपासनिसाने वरचा गरुडाचा शिक्का पाहिला आणि पुढे गेला. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. काही दिवसांनी अ‍ॅनाही आली आणि तिथेच त्यांचे लग्न झाले. या बाईला वाचता येत नव्हते. तिने पाच मुले वाढवली, बूट शिवून संसाराला हातभार लावला आणि पळून आलेल्या गुलामांना घरात लपवून जेवू घातले. नवऱ्याच्या पुस्तकांत तिच्याविषयी फारच थोडे आहे. ही उणीव सांगितलीच पाहिजे.

आईच्या घराण्याचे बेली हे आडनाव पकडले जाण्याच्या भीतीने टाकावे लागले. न्यू बेडफर्ड या बंदरातल्या एका काळ्या स्नेह्याने स्कॉटलंडच्या एका काव्यातले नाव सुचवले आणि फ्रेडरिक बेली हे फ्रेडरिक डग्लस झाले. फ्रेडरिक हे नाव मात्र त्यांनी हट्टाने ठेवले. ते आईकडून आले होते.

न्यू बेडफर्डला एका घरापुढे कोळशाचा ढीग पडलेला त्यांना दिसला. आत नेऊन टाकू का, असे त्यांनी विचारले. काम झाल्यावर बाईने अर्ध्या डॉलरची दोन चांदीची नाणी त्यांच्या हातावर ठेवली. ती घ्यायला आता शनिवारी कोणी येणार नव्हता! मोठमोठ्या सभांतून टाळ्या घेतलेल्या या माणसाला म्हातारपणीही ती दोन नाणी विसरता आली नाहीत. पण उत्तरेकडेही सगळे गोड नव्हते. त्यांच्या कसबी कामाला दिवसाला दोन डॉलर मिळाले असते; गोरे कारागीर काम सोडून जाण्याची धमकी देऊ लागले, म्हणून त्यांना एक डॉलरवर हमाली करावी लागली. तिथल्या चर्चमध्ये प्रसादाच्या वेळी आधी गोऱ्यांची पंगत आटोपे आणि मग काळ्यांना बोलावीत. डग्लस उठले, बाहेर पडले आणि काळ्या लोकांच्या लहानशा चर्चमध्ये गेले.

१८४१ साली नॅन्टकेट बेटावरच्या सभेत ते प्रथम गोऱ्या श्रोत्यांपुढे बोलले आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचे वक्ते झाले. बोलणे इतके सफाईदार की लोकांना ते गुलाम होते हेच खरे वाटेना. म्हणून १८४५ साली त्यांनी गावे आणि मालक यांची खरी नावे देऊन आत्मचरित्र छापले. चार महिन्यांत पाच हजार प्रती गेल्या. आता धन्याला पत्ता कळला, तेव्हा ते आयर्लंड-इंग्लंडला निघून गेले.

आयर्लंडमध्ये त्या साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला होता आणि महादुष्काळाची सुरुवात होत होती. डब्लिनच्या झोपड्यांत त्यांनी गोऱ्या कातडीचे दारिद्र्य पाहिले. आयरिश गरिबांची गाणी ऐकून ते थबकले. मळ्यावरच्या गाण्यांतला तोच आक्रोश त्यांना तिथे ऐकू आला. तसला सूर आपण गुलामीबाहेर फक्त आयर्लंडमध्ये ऐकला, असे त्यांनी नोंदवले आहे. मात्र दोन्ही दुःखे एकच असे त्यांनी म्हटले नाही. आयरिश माणूस उपाशी होता, पण त्याचे मूल कोणी बाजारात विकू शकत नव्हता. दुःखांची तुलना करताना हा विवेक आपल्यालाही हवा. १८४६ साली इंग्लंडमधील स्नेह्यांनी वर्गणी काढून १५० पौंड, म्हणजे सुमारे ७११ डॉलर भरले आणि डग्लस कायद्याने स्वतंत्र झाले. माणसाची किंमत दिली म्हणजे तो विकाऊ आहे हे मान्य केले, असे काही सहकाऱ्यांना वाटले. डग्लसांनी ती दरोडेखोराला दिलेली खंडणी मानली आणि ते कामाला लागले.

परत येऊन १८४७ च्या डिसेंबरात त्यांनी रॉचेस्टर शहरात 'नॉर्थ स्टार' हे स्वतःचे साप्ताहिक काढले. आमच्यासाठी लिहिणारे गोरे मित्र पुष्कळ आहेत, तुमच्या वेगळ्या पत्राची गरज काय, असे त्यांना विचारले गेले. आपल्या लोकांचे म्हणणे आपल्या लोकांनीच मांडले पाहिजे, हे त्यांचे उत्तर होते. मूकनायक-बहिष्कृत भारताच्या वाचकांच्या वारसांना हे पटवून देण्याची आवश्यकता नाही. त्याच गावात त्यांची नऊ वर्षांची मुलगी रोझेटा शाळेत गेली तर तिला इतर मुलींपासून वेगळ्या खोलीत बसवले. बापाने पत्रातून त्या शाळेची लक्तरे काढली आणि शहराच्या सरकारी शाळांतील वेगळेपणाविरुद्ध लढा मांडला. १८५७ पर्यंत तो वेगळेपणा मोडला. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली तेव्हा मताधिकाराच्या ठरावावर खुद्द स्त्रियाच कचरत होत्या. डग्लस उठून त्या ठरावाच्या बाजूने बोलले आणि ठराव पास झाला.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. काळ्यांना सैन्यात घ्या असा त्यांनी धोशा लावला, आणि घेऊ लागले तेव्हा आपले दोन मुलगे आधी पाठवले. पण पगारात पुन्हा तीच कथा. गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर. काळ्याला १० आणि त्यातून कपड्याचे ३ कापून ७. मरणाची जोखीम मात्र सारखी! मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने कमी पगार घ्यायचाच नाकारला. घरी बायकामुलांची उपासमार झाली तरी वर्षाहून अधिक काळ ते शिपाई बिनपगारी लढले. १८६३ च्या ऑगस्टमध्ये डग्लस राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटले आणि त्यांनी ही तक्रार मांडली. लिंकननी सबुरीचा सल्ला दिला. १८६४ च्या जूनमध्ये कायद्याने समान पगार झाला.

१८६५ अखेर गुलामगिरी घटनेने बंद झाली, १८७० साली काळ्या पुरुषांना मत मिळाले. मग सगळे संपले काय? इथे कान देऊन ऐका. सुमारे चाळीस लाख माणसे मोकळी झाली, ती नेसत्या वस्त्रानिशी. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने किनाऱ्यावरची जमीन कुटुंबाला चाळीस एकरपर्यंत द्यावी असा हुकूम काढला होता. चाळीसेक हजार माणसांनी ती कसायला घेतली. त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत देवविली. काळे मजूर पुन्हा त्याच शेतावर, आता बटाईने.

ज्यांनी चार पैसे मागे टाकले त्यांच्यासाठी सरकारी कायद्याने १८६५ साली फ्रीडमन्स बँक निघाली होती. मोलकरणी, शिपाई, धोबिणी यांनी तिच्यात पैसे ठेवले. वरच्या कारभाऱ्यांनी ते सट्टेबाजांना कर्जाऊ दिले. बँक आतून पोखरल्यावर, १८७४ च्या मार्चमध्ये, डग्लसांना अध्यक्षपदी बसवले. त्यांच्या नावावर लोकांचा विश्वास होता ना! त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर बँकेला दिले. काही आठवड्यांत खरी स्थिती कळली आणि त्या उन्हाळ्यात बँक बंद पडली. साठ हजारांहून अधिक ठेवीदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. काहींना पुढे थोडाफार भाग मिळाला, पुष्कळांना काहीच नाही. ज्या खुर्चीची वही आपण तपासली नाही तिच्यावर बसू नये, हे या प्रकरणातून कोणालाही दिसेल.

सुरुवातीला डग्लसांची समजूत अशी होती की कायदा आणि मत मिळाले, आता काळ्या माणसाला त्याच्या वाटेने जाऊ द्या, तो मेहनतीने वर येईल. अनुभवाने ते बदलले. १८७६ साली सिनसिनाटीच्या पक्ष-अधिवेशनात त्यांनी विचारले की रशियाच्या जुलमी झारनेसुद्धा भूदासांना मुक्त करताना थोडी जमीन दिली, मग या लोकशाहीने आम्हाला काय दिले? तरीही १८७९ साली दक्षिणेतले हजारो काळे जुलमाला कंटाळून कॅन्ससकडे निघाले तेव्हा, जागा सोडू नका, तिथेच हक्क मागा, असा सल्ला त्यांनी दिला. जे चाबकाखाली होते त्यांना तो रुचला नाही. माझ्या मते ते त्यांच्या बाजूने बरोबर होते. वॉशिंग्टनमध्ये सरकारी हुद्द्यावर बसून गावातल्या माणसाला गाव सोडू नको म्हणणे सोपे असते.

१८८८ साली ते स्वतः साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियात फिरले आणि परत येऊन एप्रिलमधील मुक्तिदिनाच्या सभेत त्यांनी जे सांगितले ते ऐकून सभा हादरली असेल. मुक्ती ही फसवणूक ठरली आहे, असे त्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने सांगितले. मजुराला रोख पैसा मिळत नाही, चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी फक्त मालकाच्या दुकानात चालते. दुकानदार वाटेल तो भाव लावतो. वर्षअखेर हिशेब होतो आणि मजूर कर्जात निघतो. कर्ज फिटेपर्यंत गाव सोडता येत नाही. वही मालकाची, गणित मालकाचे. ह्यू ऑल्ड मेला होता, पण शनिवारची रात्र संपली नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशी विसंगती घेऊन आपण चाललो आहोत, असा जो इशारा दिला, तो वाचताना डग्लसांचे हे १८८८ चे भाषण शेजारी ठेवावे.

त्यांच्या अखेरच्या वर्षांविषयी थोडक्यात. अ‍ॅनाबाई १८८२ साली वारल्या. १८८४ साली डग्लसांनी हेलन पिट्स या गोऱ्या बाईशी लग्न केले. गोरे चिडले आणि काळेही चिडले. १८८९ ते १८९१ ते हैतीमध्ये अमेरिकेचे वकील होते. आरमारासाठी हैतीचे एक बंदर मिळवण्याचा अमेरिकेचा डाव फसला, तेव्हा वर्तमानपत्रांनी दोष त्यांच्यावर टाकला. गुलामांनी बंड करून मिळवलेला तो देश. त्याच्यावर दडपण आणण्यात त्यांना गोडी नव्हती. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात काळ्या अमेरिकनांना जवळजवळ स्थान नव्हते, म्हणून डग्लस हैतीच्या दालनात बसले. तिथून त्यांनी आणि आयडा वेल्स या तरुण पत्रकार बाईंनी निषेधाची पुस्तिका वाटली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली आणि अनागारिक धर्मपालांनी तिथे बुद्धाचा धम्म मांडला.

डग्लसांनी आयुष्यात दीडशेहून अधिक वेळा छायाचित्र काढवून घेतले. हौस म्हणून नव्हे. गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसाची टवाळी करीत, वर्तमानपत्रे त्याची माकडासारखी चित्रे छापीत. त्याला उत्तर म्हणून ते नीट कोट घालून, न हसता, सरळ कॅमेऱ्याकडे पाहून बसत.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी ते वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या परिषदेला गेले होते. घरी येऊन हेलनबाईंना सभेची हकिकत सांगता सांगता ते कोसळले आणि गेले. ते घर हेलनबाईंनी मोठ्या कष्टाने राखले, पण १९०३ साली त्या वारल्या तेव्हा त्यावर कर्ज होते. ते कर्ज पुढे काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने देशभर वर्गणी गोळा करून फेडले. १९६२ साली घर सरकारने राष्ट्रीय स्मारक म्हणून ताब्यात घेतले. आज तिथे जाणाऱ्याला त्यांची पुस्तके, लिहिण्याचे मेज आणि खांद्यावर धरून ते वाजवीत ते व्हायोलिन पाहायला मिळते.